महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचा गंज काढून त्यात बोलेरोचं कॉमन रेल इंजिन बसवायचं असेल तं

पहिलेच सांगतो, इंजिन सगळ्यात शेवटी. जो येतो तो इंजिनाचंच विचारते, कोणतं बसवू, कितीत पडन, अ‍ॅव्हरेज काय देईन, आणि गाडीखाली वाकून पाह्यलं तं चेसिसमधून बोट आरपार जाते. नवं इंजिन सडक्या सांगाड्यावर ठेवलं तं माउंटिंग फाटते, बॉडी हलते, आणि दोन पावसाळ्यांत खर्च मातीत. आमच्या घरी १९९३ ची एमएम ५४० आहे, दारव्ह्याकडं, बाबांनी घेतलेली. तिच्यावर काम करता करता जे शिकलो ते लिहून राहिलो.

आपल्याकडं गाडी गंजते काहून हे आधी समजून घ्या, मंग गंज कुठं शोधायचा ते आपोआप समजते. समुद्र नाही, खारी हवा नाही, तरी फ्लोअरची चाळणी होते. एक कारण काळी माती. पांदणीतून गाडी आली की मडगार्डाच्या आत, चेसिस आणि बॉडीच्या मधात चिखल भरते, वरून वाळलेला दिसते पण आतून आठ-आठ दिवस ओला राहते. दुसरं कारण खत, ज्याच्याकडं कोणी लक्षच देत नाही. पेरणीच्या दिवसांत मागं खताच्या बॅगा टाकून वावरात नेल्या, एखादी फुटली, झाडून घेतलं आणि विसरलो. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच आहे आणि युरिया हवेतलं पाणी ओढून घेते. मी मागची रबरी मॅट उचलली तं खाली पांढरी पपडी जमलेली होती, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडली तं पपडीसंगं पत्राही निघून आला, पापडासारखा. बरोब्बर बॅगा ठेवायच्या जागी.

तं पहिलं काम म्हणजे धुणं. प्रेशर पंपानं खालून वरून, चेसिसच्या भोकांत नळी घालून, स्वच्छ पाणी निघेपर्यंत, आणि मंग उन्हात दोन-तीन दिवस. वाळली की लहान हातोडी घेऊन पूर्ण चेसिस ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजते, सडलेलं भद्द वाजते. पाट्याचे शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला धरणाऱ्या कड्या, जिथं बसतात तिथं, क्रॉस मेंबरच्या जोडावर, बॉडीच्या माउंटिंगपाशी आणि स्टेअरिंग बॉक्सच्या आजूबाजूला जास्त ठोका. जिथं भद्द वाजलं तिथं खडूनं गोल करा.

खोलताना घाई नाही. रोज संध्याकाळी नट-बोल्टवर डिझेल सोडून ठेवा, चार दिवसांनी अर्धे हातानं सुटतात, बाकीचे गरम करून. प्रत्येक गोष्टीचा मोबाईलवर फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी टाकून ठेवा. बॉडी उचलायच्या आधी चेसिसचे कर्ण मोजा, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलटं. दोन्ही मापं सारखी आली पाह्यजे. फरक आला तं चेसिस वाकडं आहे, ते आधी सरळ करून घ्या, नाही तं पुढचं सगळंच वाकडं बसन.

वेल्डिंगवर जास्त बोलतो, काहून की इथंच लोक फसतात, मीही फसलो होतो. पहिल्यांदा ज्या गॅरेजला गाडी दिली त्यानं सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चिकटवला, वरून पुट्टी आणि चकाचक रंग. एका पावसाळ्यात रंगाला फोड आले. ठिगळ काढून पाह्यलं तं दोन पत्र्यांच्या मधात पाणी बसलेलं आणि जुन्याचा नुसता भुगा. म्हणून सडलेलं कापायचंच, चमकणारं लोखंड लागेपर्यंत कापायचं, आणि त्याच मापाचा तुकडा कडेला कड लावून बसवायचा. फ्लोअरला १८ गेज पत्रा चालते, चेसिसला मात्र मूळ जाडीचाच. सीओटू वेल्डिंग असलेला माणूस शोधा, साध्या रॉडनं पातळ पत्रा जळते. एका दमात लांब वेल्ड मारू नका, एक इंच इथं, एक इंच तिथं, थंड होऊ द्या, नाही तं पत्रा पिळवटते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा वापरला तं वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा, त्याच्या धुरानं रात्री थंडी-ताप भरते. आणि डिझेल टाकी गाडीवर असताना तिच्या आसपास वेल्डिंग बिलकुल नाही, रिकामी असली तरी नाही, आतल्या वाफेचा भडका होते.

वरवरचा गंज असन तिथं ग्राइंडरला कप ब्रश लावून घासा, मंग रस्ट कन्व्हर्टर लावा, ते गंजाला काळं करते. त्यावर इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात उभी करू नका, ते पाणी धरते. चेसिसच्या पोकळीत लोक जळकं ऑइल सोडतात, मला ते पटत नाही, रबराचे बुश फुगतात आणि वर धूळ चिकटून लेप बसते, पोकळीसाठीचा वॅक्स स्प्रे मिळते तोच मारा. पाणी निघायची भोकं मात्र उघडी ठेवा. लोखंडाचं काम उन्हाळ्यात उरका, रंग पावसाळ्यात नको आणि मे महिन्यातही नको, वारा-धूळ आणि ४५ डिग्रीत रंग पत्र्यावर पडायच्या आधीच वाळते. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

आता इंजिन. ५४० मध्ये मूळचं प्यूजो कंपनीच्या डिझाइनचं २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. बरेच जण स्कॉर्पिओचं एमहॉक टाका म्हणतात, २१७९ सीसी, १२० हॉर्सपॉवर. मी नाही म्हणतो. जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअरबॉक्स आणि धुरे अर्ध्या ताकदीसाठी बनलेले, म्हणजे सगळंच बदलावं लागन. बोलेरोचं २५२३ सीसी कॉमन रेल पाहा (रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना जास्त प्रेशरचं डिझेल देणारा एकच पाइप), कागदावर ६३ च हॉर्सपॉवर आहे, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १९५ न्यूटन मीटर आणि तोही १४०० आरपीएमपासून. भरल्या गाडीनं चढावर दुसऱ्या गिअरमध्ये काळा धूर सोडत रडायचं काम नाही. शेतीच्या गाडीला हेच पाह्यजे.

पण इंजिनात हात घालायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळे बदल करता येत नाहीत असं सांगितलेलं आहे. इंधन तेच, कंपनी तीच असली तरी आधी लेखी विचारा, नाही म्हणले तं जुनंच इंजिन उतरवून पूर्ण बांधा, त्यातही गाडी वीस वर्षं चालते. हो म्हणले तं इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं आणि नंबर नीट जपा, नवा नंबर आरसीवर चढू द्या, आणि इन्शुरन्सवाल्यालेही कळवा. नंबर घासलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

नुसतं इंजिन घेऊ नका, ही माझी चूक झाली होती. मी इंजिन आणलं, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि चावी राहून गेली, आणि तीन महिने ते गोठ्यात ताडपत्रीखाली पडलं. या इंजिनाला इसीयू, त्याच्याशी जुळलेली चावी आणि इमोबिलायझर (दुसऱ्या चावीनं इंजिन चालू न होऊ देणारं कुलूप), पूर्ण वायरिंग, इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर पेडल, सगळे सेन्सर, फिल्टर, रेडिएटर, इंटरकूलर आणि गिअरबॉक्स हे सगळं एकाच गाडीचं पाह्यजे. अ‍ॅक्सिडेंटची पूर्ण गाडी, चालू इंजिन ऐकून घेतलेली, सगळ्यात स्वस्त पडते.

गिअरबॉक्स घ्यायच्या आधी आपल्या धुऱ्याचा रेशो काढा. मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, पुढच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा, तोच रेशो. समजा ४.८८ आला आणि टायरचा घेर सव्वादोन मीटर, तं टॉप गिअरला २५०० आरपीएमवर गाडी ७० च्या आत चालन. पाच गिअरचा बॉक्स बसला तं तोच वेग कमी आरपीएमवर मिळते. फोरव्हील ठेवायची असन तं ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या डब्याचं) तोंड आणि डिफरन्शियल एका रेषेत येतात का हे इंजिन विकत घ्यायच्या आधी मोजा. जुनाच बॉक्स ठेवायचा तं लेथवाल्याकडून अ‍ॅडॉप्टर प्लेट लागन, आणि ती केंद्रात अचूक पाह्यजे, जरा सरकली की क्लच आणि पायलट बेअरिंग खाऊन टाकते.

इंजिन चेन पुलीला टांगून, क्लच-गिअरबॉक्ससकट आत सोडा आणि आधी नुसतं टेकवून सगळीकडं हात फिरवा. स्टेअरिंगला लागते का, पुढचा धुरा वर आला तं ऑइल पॅनला लागन का, पंख्याला जागा आहे का. माउंटिंग टॅक करा, म्हणजे वेल्डचे बारीक टाके मारा, शाफ्टचा कोन दोन्ही टोकांना सारखा करा, मंगच पूर्ण वेल्ड.

कूलिंगवर कंजूषी नको. रेडिएटर बोलेरोचाच, पंख्याभोवती शराउड (हवा रेडिएटरमधूनच ओढणारं कडं), आणि समोरची जाळी कुटारानं भरणार हे धरून ती सहज निघन अशी बसवा. डिझेल टाकी जुनी असन तं बदलाच, गंजाचा एक कण इंजेक्टर खलास करते. पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि रिटर्न लाइन दोन्ही लावा. वायरिंग उंदरांपासून लांब, पाइपात घालून, आणि इंजिन ते चेसिस जाड अर्थ पट्टी, अर्धे सेन्सरचे फॉल्ट अर्थचेच असतात. गाडीवर नंतर कधीही वेल्डिंग असलं तं बॅटरी काढा आणि इसीयूचा प्लगही काढा.

चालू इंजिनावर रेलच्या पाइपाला हात लावून गळती पाहू नका, आत प्रेशर हजार बारच्या वरही जाते, बारीक धारही चामडीतून आत जाते. पुठ्ठा धरून पाहा.

पहिले ५०० किलोमीटर रिकामी चालवा, गावातल्या गावात. रोज रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी थेंब कुठं पडला ते दिसते. ब्रेक नवे केले असतील तं पुन्हा अ‍ॅडजस्ट करा. ५०० झाले की पाट्यांचे यू-बोल्ट, माउंटिंगचे बोल्ट आणि शाफ्टचे क्रॉस पाना लावून पुन्हा आवळा, मंगच मागं बॅगा टाका, आणि त्याही जाड ताडपत्रीवर.