पिकअप डिझेल पीत होती

खानापूरहून बेळगावला भाजी नेतो. लिटरला 13 देणारी पिकअप पावसाळा संपता संपता एकदम 9 वर आली. आधी डिझेलवर संशय घेतला, पंप बदलून पाहिला. फरक शून्य. मिस्त्री म्हणाला, "मालक, इंजेक्टर काढूया." म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. पण काळा धूर नाही, ओढ बरी, मग इंजिनाला हात कशाला?

टाकी गळ्यापर्यंत भरून 200 किलोमीटर चालवली, परत भरली तर 22 लिटर बसलं. म्हणजे काटा खोटं बोलत नव्हता.

त्या दिवशी घरी पोचल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघितला. मागचं डावं तव्यासारखं तापलेलं, बाकीची कोमट. पुढच्या चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलला टाकून ते चाक जॅकवर उचललं. हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत खर्र करून थांबलं. हँडब्रेकची केबल चिखल-गंजाने आतच जाम! लिव्हर खाली, तरी ब्रेक शू, म्हणजे ब्रेकच्या आतल्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमला घासतच होते.

केबल नवी टाकली, झिजलेले शू दोन्ही बाजूंचे बदलले. टायरांतली हवाही कमी निघाली, ती भरली. पुढच्या टाकीला साडेबारा पडलं. इंजेक्टर अजून जागच्या जागी आहेत.