हळदीच्या दुकानाचं वेबपान: आधी मराठी नीट दिसू द्या

सांगलीतल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना वेबसाइट म्हटलं की वर फिरणारे फोटो आणि उडती अक्षरं हवी असतात. मी आधी विचारते, वाचणार कोण आणि कशावर? उत्तर बहुतेक एकच, साधा अँड्रॉइड फोन. मग कामाची सुरुवात मराठी अक्षरापासून करायची.

विकत घेतलेल्या थीम, म्हणजे वेबसाइटचे तयार साचे, इंग्रजीच्या मापाने शिवलेल्या असतात. मराठीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळीची उंची १.२ ठेवली की ते एकमेकांत घुसतात. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, लाइन-हाइट १.६ ते १.७ करा, मजकूर १८ पिक्सेल. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, शोधून शून्य करा, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात. मथळ्यांत आणि बटणांत ते हमखास लपलेलं असतं. तिरपी अक्षरं काढाच, जोर द्यायचा तर ठळक करा.

एचटीएमएलच्या, म्हणजे पानाचा सांगाडा रचणाऱ्या कोडच्या, पहिल्याच टॅगमध्ये भाषा इंग्रजी राहून गेलेली असते, तिथे मराठीचा 'एमआर' कोड लिहा. अंधांसाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरला कोणत्या भाषेत वाचायचं ते त्यावरून कळतं. शिवाय नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतो. एवढ्याशा बदलाने पान आपलं वाटतं. फॉन्टची रेग्युलर आणि बोल्ड एवढी दोनच वजनं घ्या आणि फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' ठेवा, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर गायब राहत नाही.

आता रंग. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पिवळ्याचा अभिमान समजू शकते. पण पिवळ्या बटणावर पांढरी अक्षरं?

"ताई, हळदीचं दुकान आहे, पिवळं पाहिजेच."

"पिवळं राहू द्या की अण्णा, अक्षरं तेवढी काळपट करू."

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा. हळदी पिवळ्यावर पांढरं जेमतेम दोनाच्या आसपास भरतं, गडद तपकिरी सहज पास होतं. पटत नसेल तर फोन घेऊन दुपारी मार्केट यार्डात उन्हात उभं राहायचं. अण्णांनी तिथे स्वतःच रंग बदलायला सांगितला.

फोटो थोडक्यात: फोनमधला कित्येक एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करा. रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो उतरताना पान खाली सरकतं आणि 'ऑर्डर'वर जाणारं बोट भलतीकडेच पडतं. सगळ्यात वरच्या फोटोला लेझी लोडिंग, म्हणजे तिथवर स्क्रोल केल्यावरच फोटो उतरवणं, नको. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष मी धरून चालते.

खरी मेहनत फॉर्मवर घ्या. प्रत्येक चौकोनाचं नाव वर कायम दिसू द्या. आत फिकट लिहिलेलं टाइप करताच नाहीसं होतं. चौकोनातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोन पान आपोआप मोठं करतो. मोबाइल नंबरसाठी टाइप 'टेल' द्या, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. कुणी ९८ असं देवनागरीत लिहील, कुणी मध्ये जागा सोडेल, कुणी पुढे अधिक ९१ लावेल. ते कोडमध्ये साफ करा, ग्राहकाला ओरडू नका. चूक असेल तर त्याच चौकोनाखाली 'एक आकडा कमी आहे' असं सांगा आणि भरलेलं बाकी सगळं जागेवर ठेवा. बटण निदान ४८ पिक्सेल उंच, कारण हळदीने माखलेलं बोट नेम धरत नाही.

शेवटी क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्स या तपासणीच्या साधनांमध्ये नेट मुद्दाम मंद करून पान उघडा. मग दुकानातल्या दिवाणजींच्या हातात फोन द्या, पाच किलोची ऑर्डर टाकायला सांगा आणि तोंड मिटून बसा. बोट बहुतेक वेळा पत्त्याच्या तीन-चार चौकोनांपाशी अडतं. त्यांच्या जागी एकच मोठा चौकोन ठेवा, पिनकोड तेवढा वेगळा.