थायरॉईडची गोळी चालू असलेल्या गरोदर बाईला बेळगावला चेकअपला नेताना

जाऊबाईला सहावा लागलाय आणि थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून खानापूरहून निघायच्या आदल्या रात्रीच मी पिशवी भरते. सगळ्यात आधी गोळीची पट्टी, नावासकट. 'थायरॉईडची गोळी घेते' एवढं सांगून काही कळत नाही, कारण थायरॉईड कमी असेल तर थायरॉक्सिन आणि जास्त असेल तर कार्बिमॅझोल नाहीतर पीटीयू (प्रोपिलथायोयुरॅसिल), म्हणजे एकदम उलट्या कामाच्या गोळ्या. थायरॉईडच्या गोळीने किडनी बिघडते असं कानावर येतं ना, ती भानगड होते या दुसऱ्या जातीने, जास्त करून पीटीयूने, तीही क्वचितच, अंगातली प्रतिकारशक्तीच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते आणि किडनीची चाळणी सुजते. तरी पहिल्या 3 महिन्यांत डॉक्टर पीटीयूच देतात, कार्बिमॅझोलने बाळात व्यंग राहायची भीती जास्त म्हणून, तेव्हा आपल्या मनाने बंद करायची नाही हं. थायरॉक्सिनवाल्यांनी ही चिंता सोडा, फक्त आयर्न-कॅल्शियमच्या गोळीपासून 4 तास लांब ठेवा.

मग वही, किडनीच्या या त्रासाच्या खुणा टिपायला. लघवी कोऱ्या चहासारखी झाली का, फेस जात नाही का, सकाळी डोळ्यांखाली सूज, पायावर लाल-जांभळे ठिपके, सांधेदुखी, सगळं तारखेसकट लिहायचं. आमच्यात 'पोटुशीला सूज येतेच' म्हणून सोडून देतात, मीपण दिलं असतं. पण 20 आठवड्यांनंतर लघवीत प्रोटीन आणि बीपी 140/90 किंवा त्याच्या वर म्हणजे वेगळाच धोका (प्रीएक्लॅम्पसिया), तो गोळीचा नसेलही, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

जुने रिपोर्ट घ्याच. गरोदरपणात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) उतरतं, त्यामुळे 1.0 समोर लॅबवाला 'नॉर्मल' छापतो पण पोटुशीसाठी ते जास्तच, आधीचा आकडा शेजारी असला की लगेच कळतं. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी नोंदींचं कार्ड) घ्या, कन्नड वाचता येत नसेल तर आशाताईंकडून आधीच समजून घ्या, काउंटरवर कुणाला वेळ नसतो. कंबरदुखीला मेडिकलातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणली असेल तर तीही पिशवीत टाका, लाजू नका, गरोदरपणात त्या स्वतःहून घ्यायच्याच नसतात, किडनीलाही जड.

आणि पीटीयू किंवा कार्बिमॅझोल चालू असताना घसा दुखून ताप आला तर चेकअपच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करायची, पांढऱ्या पेशी एकदम खाली जाऊ शकतात.