लाकडी पेन लेथवर करताना या चुका टाळा

लेथ आला, पेनचं किट आलं, आणि परसात पडलेल्या फांदीचं त्याच आठवड्यात पेन करायचं असतं. नवशिक्यांची निम्मी पेनं इथेच वाया जातात, म्हणून आधी ओल्या लाकडाबद्दल.

रत्नागिरीकडच्या एका मुलाने बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला फणसाची पेनं केली. झाड पावसाच्या तोंडावर वादळात पडलेलं, पेनं झाली ऐन जुलैत. पिवळाधमक रंग, वर आरशासारखं पॉलिश. लग्न नागपूरला. तिथल्या कोरड्या हवेत काही आठवड्यांतच एकेका पेनावर टोकापासून टोकापर्यंत उभी चीर. “काका, लाकूडच खराब निघालं,” म्हणाला. लाकडाचा काय दोष? लाकूड वाळताना आडव्या अंगाने आकसतं, आत चिकटवलेली किटमधली पितळी नळी जागची हलत नाही. ७ मिमी नळीच्या सडपातळ पेनात टोकाशी मिलिमीटरभरही लाकूड उरलेलं नसतं. ते ताण कुठवर सोसणार?

मी लाकडाच्या आधी पाऊण इंची चौकोनी कांड्या कापतो, दोन्ही तोंडांना मेण लावतो आणि पेन्सिलने तारीख, वजन लिहून माळ्यावर टाकतो. दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. ते उतरायचं थांबलं की कांडी तयार. पावसाळ्यात मात्र थांबलेल्या वजनावर मी विश्वास ठेवत नाही, कारण हवाच ओली असते. दिवाळीनंतर पुन्हा बघतो. मायक्रोवेव्हमध्ये वाळवायची युक्ती मला पटत नाही. आत पडलेले तडे भोक पाडेपर्यंत दिसत नाहीत. धीर नसेल तर जुन्या शिसवी पलंगाचा तुटका पाय किंवा सागवानी चौकटीचा तुकडा शोधा. ते लाकूड कधीच वाळून बसलेलं असतं.

भोक पाडताना ड्रिल एका दमात आरपार घालू नका. भुसा आत कोंडतो, लाकूड तापतं आणि चिरतं. शिसव तेलकट, त्यात तर हे हमखास होतं. थोडं आत, पूर्ण बाहेर, भुसा झटका, पुन्हा आत. हात लावून कांडी कोमट लागली की मी चहा घेऊन येतो. कांडी थोडी लांबच ठेवा, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना उडालेला टवका कापून टाकता येतो.

नळी बसवायला फेव्हिक्विक नको. अर्ध्यावर अडकली की कांडी गेली. नळी पॉलिश पेपरने खरवडा, अरल्डाइट लावून फिरवत आत घाला, रात्रभर राहू द्या.

टेलस्टॉक, म्हणजे लेथचं समोरून दाबून धरणारं सरकतं टोक, आवळून आवळून मँड्रेल, म्हणजे कांड्या ओवायचा बारीक दांडा, वाकतो आणि पेन लंबगोल होतं. बेताने आवळा.

आता रंगीत लाकडाची खास चूक. अंदमानी पडौक आणि हळदू जोडून केलेलं पेन फार देखणं होतं: लालबुंद आणि हळदीसारखं पिवळं. पण तसंच पॉलिश पेपरखाली धरलं की पडौकचा लाल भुगा हळदूच्या छिद्रांत बसतो आणि पिवळ्यावर गुलाबी डाग पडतात. नंतर घासून ते जात नाहीत, उलट पसरतात. म्हणून शेवटचा हात धारदार पटाशीचाच हवा, पेपरला काम उरता कामा नये. मग पातळ ग्लूचा (फेव्हिक्विकच्याच जातीचा) एक थर देऊन छिद्रं बंद करायची, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर, नंबर २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने घासायचं आणि भुगा फुंकून काढायचा. १५० वरून थेट ६०० वर उडी मारणाऱ्यांच्या पेनावर पॉलिशखाली गोल रेघा दिसतात. त्या लपत नाहीत.

ग्लूचं पॉलिश सुती फडक्याने कधीच लावू नका. सुताशी तो ग्लू इतका तापतो की धूर निघतो, आणि फिरत्या लेथवर फडकं बोटासकट ओढलं जातं. टिश्यू पेपर वापरा. तोंडाला मास्क हवाच. शिसवीच्या भुशाने अनेकांना अंगावर पुरळ उठतं.

आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा: पडौकचा लाल उजेडात हळूहळू तपकिरी होतो, फणसाचा पिवळा गडद होत जातो. कुठलंही पॉलिश हे कायमचं थांबवत नाही. त्यावर उपाय म्हणून डाय चोळणं मला अजिबात मान्य नाही. पडौकचं एक जुनं पेन मी मुद्दाम जवळ ठेवलंय. नव्याशेजारी धरून दाखवतो आणि मगच ऑर्डर घेतो.