अंजनेरी, भंडारदऱ्याला फॅमिलीसोबत जाताना वॉकीटॉकी कुठला घ्यायचा

पावसाळा लागला की रविवारी अर्धं नाशिक त्र्यंबक रोडला नाहीतर इगतपुरीकडे निघतं आणि आता नुसते कॉलेजचे ग्रुप नसतात, आजी-आजोबा, आत्या, मामाची पोरं असा सगळा गोतावळा असतो. डोंगराच्या मागच्या अंगाला गेलं की मोबाईलची रेंज जाते, पोरं पुढे पळालेली, आजी मागे बसत उठत येतेय आणि मधल्या मधे कुणीतरी एक जण निरोप घेऊन सारखा वर-खाली करतोय, हे चित्र प्रत्येक घरातलं आहे. यासाठी वॉकीटॉकीची जोडी खरंच कामाची वस्तू आहे. फक्त ती बघून घ्यायला लागते, कारण ऑनलाईन जे दिसतं त्यातलं बरंचसं आपल्या उपयोगाचं नसतं आणि काही तर आपल्याकडे वापरायला परवानगीच नसलेलं असतं.

तर आधी कायद्याचं बोलू. भारतात लायसन्स न काढता घरच्या लोकांना वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला सेट, आणि त्याची पॉवर जास्तीत जास्त अर्धा वॅट. बस एवढंच लक्षात ठेवा, ४४६ आणि अर्धा वॅट. दुसरी गोष्ट म्हणजे ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची त्या मॉडेलला असलेली मंजुरी. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर गाईडलाईन्सच काढल्या, कारण शॉपिंग साईटवर फ्रिक्वेन्सी न लिहिता, मंजुरी न दाखवता सेट सर्रास विकले जात होते. आता विकणाऱ्याने फ्रिक्वेन्सी आणि ईटीएची माहिती द्यायलाच पाहिजे. त्यामुळे लिस्टिंगमध्ये हे दोन्ही सापडलं नाही तर तो सेट किती का स्वस्त असेना, सोडून द्या. एमजी रोडवरच्या दुकानात घेत असाल तर बॉक्स उघडायच्या आधी दुकानदाराला सरळ विचारा, फ्रिक्वेन्सी किती, ईटीए आहे का, आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या.

यात दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, ते काळे लांब अँटेनावाले ४-५ वॅटचे चायनीज सेट, बाओफेंग वगैरे, जे दिसायला एकदम पोलिसांसारखे असतात आणि यूट्यूबवर सगळे त्यांचंच कौतुक करतात. ते हॅमवाल्यांचे, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांचे सेट आहेत, हॅमसाठी सरकारी परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं आणि तेही प्रत्येक बोलणाऱ्याला वेगळं. म्हणजे बाबांकडे लायसन्स आहे म्हणून मुलगी त्याच्यावर एकटीने बोलू शकेल असं नाही. त्यात ४४६ ची फ्रिक्वेन्सी टाकता येते म्हणून चालतं असं कुणी सांगेल, पण पॉवर अर्ध्या वॅटच्या वर जाते आणि त्याच सेटवरून दुसऱ्या कुणाच्या तरी, म्हणजे अगदी इमर्जन्सीवाल्यांच्याही चॅनेलवर चुकून बोललं जाऊ शकतं. पोराच्या हातात अशी वस्तू नको. दुसरं, अमेरिकेतल्या काकांनी आणलेली जोडी. तिकडचे फॅमिली सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, तिकडे ते कायदेशीर आहेत पण इथे तो पट्टा लायसन्सवाल्यांचा आहे. काकांना वाईट वाटेल, पण नको.

आता रेंज. बॉक्सवर ५ किलोमीटर, ८ किलोमीटर, कधीकधी १० सुद्धा लिहिलेलं असतं आणि लोक त्या आकड्यावरच सेट निवडतात. अर्ध्या वॅटच्या सगळ्या सेटची ताकद जवळपास सारखीच असते हो, तो आकडा असतो मधे काहीही आडवं नसताना, एका उंच टोकावरून दुसऱ्या टोकाकडे बोलण्याचा. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालून पलीकडे जात नाहीत, आणि ओल्या झाडीत तर अजूनच विरतात, म्हणजे आपण जेव्हा सगळ्यात जास्त फिरतो त्या पावसाळ्यातच रेंज कमी. आपल्याकडच्या डोंगरात घळीत, दाट झाडीत काहीशे मीटर, मोकळ्या पठारावर किंवा धरणाच्या काठाने एक-दोन किलोमीटर, असा हिशोब धरून चला. जास्त मिळालं तर आनंदच आहे.

अंजनेरीवर हे फार स्पष्ट कळतं. खालून चढताना दोन कड्यांच्या मधल्या घळीतून पायऱ्या जातात, आणि त्या पायऱ्यांवर असलेला माणूस आणि वर पठारावर पोचलेला माणूस यांच्यात अंतर काहीच नसतं पण मधे अख्खा कातळ असतो, आवाज खरखरतो, अर्धे शब्द येतात आणि मग नुसती खरखर. तोच खालचा माणूस पठारावर आला की अंजनीमातेच्या मंदिरापाशी बसलेल्यांना तळ्याच्या बाजूने एकदम स्वच्छ ऐकू येतो. म्हणून तीन सेट असतील तर एक पुढच्याकडे, एक सगळ्यात मागच्याकडे आणि तिसरा अशा घळीच्या तोंडाशी, जिथून खालचंही दिसतं आणि वरचंही, तिथे थांबणाऱ्याकडे. तो निरोप पुढे सांगतो. घर मोठं असेल तर मी तर सांगते दोन नको, तीनच घ्या, दुकानात बहुतेक जोडीच मिळते मग दोन जोड्या घ्या, चौथा गाडीपाशी थांबणाऱ्या आजोबांना होतो.

वेगवेगळ्या कंपनीचे सेट एकमेकांशी बोलतात का, तर हो, दोन्ही ४४६ चे असतील आणि चॅनेल सारखं असेल तर बोलतात. फक्त कोड आधी शून्यावर ठेवून बघा. हा कोड म्हणजे काय, तर बोलताना आवाजासोबत एक बारीक टोन जातो आणि समोरचा सेट तोच टोन आला तरच स्पीकर उघडतो. त्यामुळे त्याच चॅनेलवरचे रिसॉर्टचे सिक्युरिटीवाले किंवा लग्नातले इव्हेंटवाले तुम्हाला ऐकू येत नाहीत. पण तुम्ही जे बोलता ते त्यांना ऐकू येऊ शकतं बरं का, कोड लावला म्हणजे बोलणं गुप्त झालं असं अजिबात नाही. मुलांना हे नीट समजावून सांगा, पूर्ण नाव, फोन नंबर, आम्ही इथे एकटेच आहोत असलं काही त्याच्यावर बोलायचं नाही. टोपणनावं वापरा, पोरांना ते आवडतंही.

सेट हातात घेऊन बघायला मिळाला तर एकच परीक्षा करा, घरातल्या सगळ्यात लहान पोराला आणि आजीला द्या. बोलायचं बटण मोठं आहे का, ते बाकीच्या बटणांपेक्षा वेगळं लागतं का हाताला, ओल्या हाताने दाबलं जातं का, आजीच्या बोटांना ते धरून ठेवायला जड तर जात नाही ना. लॉक आहे का हे पण बघाच, कारण खिशात चॅनेल बदललं गेलं की सेट चालू असतो, बॅटरी असते, लाईट लागलेला असतो आणि तरी कुणी ऐकत नसतं, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बोलल्यावर आपोआप सुरू होणारा व्हॉक्स मोड ऐकायला भारी वाटतो, पण वाऱ्यात आणि धबधब्यापाशी तो नुसता वाऱ्याचा आवाजच पाठवत बसतो, तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पाण्याचं मात्र कंजूसपणा न करता बघा. आयपी५४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालेल. इगतपुरी-भंडारदऱ्याचा पाऊस शिंतोड्यातला नसतो. बजेट नसेल तर साधा सेट झिपलॉकच्या पिशवीत घालून वापरा, पिशवीतूनही बटण दाबलं जातं आणि आवाज थोडा दबतो पण चालतो.

बॅटरीचे तास जे लिहिलेले असतात ते एका ठरलेल्या हिशोबाने असतात, ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसतं चालू. पोरांच्या हातात हा हिशोब टिकत नाही, ती पहिला तासभर गप्पाच मारतात, त्यामुळे दिवसभराच्या ट्रेकला लिहिलेल्या तासांवर भरवसा ठेवू नका. टाईप-सीने चार्ज होणारा असेल तर पॉवरबँक आणि गाडीचा चार्जर दोन्ही चालतात. साध्या पेन्सिल सेलवर चालणाराही वाईट नाही, उलट त्याचा फायदा असा की बारी गावात किंवा त्र्यंबकच्या किराणा दुकानात सेल मिळून जातो. दोन्ही चालत असतील असा मिळाला तर डोळे झाकून घ्या.

अडकवायची क्लिप घट्ट पाहिजे. हरिहरच्या कातळातल्या उभ्या पायऱ्या किंवा कळसूबाईच्या शिड्या, तिथे दोन्ही हात मोकळे लागतात आणि सेट गळ्यात दोरीने लटकवलेला असेल तर तो शिडीत अडकतो, गळ्याला ओढ बसते, हे खरंच धोक्याचं आहे. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला, छातीच्या उंचीवर लावा, शिडी लागली की बोलणं बंद, वर पोचल्यावर बोला. कमरेला लावलेल्या सेटची रेंजही कमी पडते कारण आपलं शरीरच सिग्नल खातं, ऐकू येत नसेल तर सेट उभा धरून डोक्याच्या उंचीला न्या, चार पावलं बाजूला सरका, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

घेतल्यावर थेट ट्रेकला नेऊ नका. एक संध्याकाळ पांडवलेणीला जा, एकाने खाली पार्किंगला थांबायचं, बाकीच्यांनी पायऱ्या चढत दर थोड्या वेळाने बोलायचं, मग लेणीच्या आत जाऊन बोलायचं, आणि आतून आवाज कसा तुटतो हे मुलांनी स्वतः ऐकायचं. तिथेच बोलायची पद्धत पण शिकवा. बटण दाबायचं, सेकंदभर थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि 'थांबू नका' मधलं 'थांबू' उडून नुसतं 'नका' पोचतं. तोंडापासून चार बोटं लांब धरायचं, ओरडायचं नाही. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं, मग एकच वाक्य, आणि शेवटी ओव्हर. समोरच्याने निरोप परत म्हणून दाखवायचा, 'डावीकडच्या वाटेने यायचं, बरोबर?' असं. आजी 'हॅलो हॅलो' करतच राहील आणि बटण सोडणार नाही, तिला दोन-तीनदा प्रेमाने दाखवा, बटण दाबलेलं असताना ऐकू येत नाही हे एकदा कळलं की ती सगळ्यात शिस्तीत बोलते.

काही ठिकाणी सेट बाहेरच काढू नका. देवळाली कॅम्पच्या लष्करी हद्दीच्या आसपास तो बंद करून सॅकमध्येच राहू दे, विनाकारण चौकशी कशाला. नांदूर मध्यमेश्वरला थंडीत पक्षी बघायला जाताना (रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा) आवाज अगदी बारीक करा किंवा इअरफोन लावा, आणि ते बोलणं संपल्यावर वाजणारं बीप सेटिंगमधून बंदच करा, एका बीपने अख्खा थवा उडतो आणि शेजारी तासभर दुर्बीण लावून बसलेल्या माणसाचाही दिवस वाया जातो. दोन गाड्यांनी कसारा घाटातून जात असाल तर सेट शेजारी बसलेल्याकडे, ड्रायव्हरकडे कधीच नाही, आणि गाडीच्या पत्र्यामुळे रेंज कमी होते हे धरून गाड्या एकमेकांच्या टप्प्यात ठेवा.

आणि वॉकीटॉकी आहे म्हणून मोबाईल घरी ठेवू नका. या सेटवरून पोलीस किंवा अँब्युलन्स लागत नाही, त्याला ११२ च लागतं, म्हणून चढायला लागायच्या आधी मोबाईलची शेवटची रेंज कुठे होती ते लक्षात ठेवा. तसंच सेट बंद पडला तर काय करायचं हे खालीच ठरवा. उदाहरणार्थ, दर अर्ध्या तासाने पुढच्याने हाक द्यायची, दोन हाका लागोपाठ चुकल्या तर पुढच्यांनी आहे तिथेच थांबायचं आणि मागच्यांनी वाट न सोडता वर यायचं. मुलांना याच्यात एकच भाग पाठ पाहिजे, आवाज येईनासा झाला की जागचं हलायचं नाही. पाण्याच्या जागी, म्हणजे दुगारवाडीसारख्या धबधब्याला, ओढा ओलांडायच्या आधी मोठ्या माणसाचा होकार सेटवर ऐकू आल्याशिवाय पलीकडे पाय टाकायचा नाही आणि वर ढग दाटले तर होकार मागायचाही नाही, सरळ माघारी.

घरी आल्यावर सेट पुसून, बॅटरीचं झाकण उघडून पंख्याखाली वाळवा, सेल वेगळे काढून ठेवा. पुढची ट्रिप दिवाळीनंतर असेल तर आतमध्ये विसरलेले सेल गळून कॉन्टॅक्ट गंजतात, आणि आतल्या बॅटरीवाला असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा अर्धा तरी चार्ज करून ठेवा.