मार्क नोंदींचे सीएसव्हीत रूपांतर पायथनने कसे करावे

ग्रंथालय प्रणालीतून काढलेली मार्क २१ ची (ग्रंथसूची-नोंदींच्या प्रमाणित स्वरूपाची) फाइल साध्या संपादकात उघडल्यास आकड्यांची लांब रांग आणि तिच्यामागे एकमेकांना चिकटलेली लेखकनामे व शीर्षके दिसतात. फाइल बिघडलेली नसते. आयएसओ २७०९ या, अशा नोंदी साठवण्याच्या मानकाची रचनाच तशी आहे. प्रत्येक नोंदीच्या आरंभी २४ अक्षरांचा लीडर (नोंदीची प्राथमिक माहिती देणारा भाग) असतो, त्यानंतर प्रत्येक क्षेत्रासाठी १२ अक्षरांची निर्देशिका-नोंद असते आणि तीत क्षेत्रक्रमांक, लांबी व आरंभस्थान दिलेले असते. ही लांबी बाइटमध्ये मोजतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, ३ बाइट घेते. त्यामुळे हाताने एक वेलांटी वाढवली किंवा गाळली तरी पुढची सारी गणिते चुकतात.

म्हणून मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी, पायथनमध्ये पायमार्क ही लायब्ररी (इथे अर्थ तयार कोडचा संच एवढाच) बसवावी आणि फाइल बायनरी पद्धतीने उघडून तिच्या मार्करीडरकडे द्यावी. न वाचता आलेल्या नोंदीच्या जागी तो ‘नन’ (पायथनमधील ‘काहीच नाही’ हे मूल्य) देतो. ‘नन’ आले का ही तपासणी न ठेवल्यास स्क्रिप्ट मध्येच थांबते. अशा नोंदींचा अनुक्रमांक वेगळ्या फाइलीत लिहून पुढे जावे.

अक्षरे विचित्र दिसू लागल्यास लीडरमधील ९ वे स्थान पाहावे. मोजणी शून्यापासून असते. तिथे ‘ए’ असेल तर नोंद युनिकोडमध्ये, रिकामी जागा असेल तर मार्क-८ या जुन्या संकेतप्रणालीत असल्याचे मानले जाते. मजकूर यूटीएफ-८ असूनही ही जागा रिकामी असेल, तर मार्करीडरला यूटीएफ-८ ची सक्ती करण्याचा पर्याय द्यावा.

खरा विचार क्षेत्रांच्या जुळणीत लागतो. शीर्षक २४५ मध्ये, मुख्य लेखक १०० मध्ये, आयएसबीएन ०२० मध्ये आणि विषय ६५० मध्ये असतो. संपादित ग्रंथात १०० बहुधा नसते, तेव्हा ७०० पाहावे. विषय अनेक असू शकतात; पहिलाच उचलणारी स्क्रिप्ट बाकीचे निमूटपणे गाळते, म्हणून सर्व विषय उभ्या रेघेने जोडून एकाच रकान्यात ठेवावेत. शीर्षकाच्या शेवटी उरणारी तिरकी रेघ काढावी, परंतु लेखकनामाच्या शेवटचे पूर्णविराम सरसकट काढू नयेत, कारण ते आद्याक्षरांचे असू शकतात.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ ही संकेतप्रणाली वापरावी, म्हणजे एक्सेलमध्ये देवनागरी नीट दिसते. आयएसबीएनचा रकाना मात्र मजकूर म्हणूनच आयात करावा. नाहीतर १० अंकी क्रमांकाच्या आरंभीचे शून्य नाहीसे होते.

शेवटी मूळ फाइलीतील १डी या षोडशमान बाइटची, म्हणजे नोंदसमाप्ती-चिन्हाची, संख्या मोजावी. सीएसव्हीत लिहिलेल्या नोंदी आणि बाजूला काढलेल्या नोंदी यांची बेरीज तिच्याशी जुळली पाहिजे. सीएसव्हीत दर्शकांसारखे (क्षेत्राच्या आरंभीच्या दोन खुणांसारखे) तपशील उरत नाहीत, तेव्हा नोंदी दुसऱ्या ग्रंथालय प्रणालीत न्यायच्या असतील, तर त्याच स्क्रिप्टमधून मार्कएक्सएमएल, म्हणजे मार्कचे एक्सएमएल रूप, काढावे.