विचिटाच्या विमान-संशोधन संस्थेत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात विमान अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येणारे मराठी विद्यार्थी साधारणपणे दोन प्रश्न विचारतात. विचिटा स्टेट विद्यापीठाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एव्हिएशन रिसर्च या संस्थेत काम मिळेल का, आणि मिळाले तर ते लढाऊ विमानांवरचे असेल का? पहिल्याचे उत्तर तुमच्या तयारीवर आणि थोडेफार नशिबावर अवलंबून आहे. दुसऱ्याचे उत्तर, भारतीय पारपत्रावर आलेल्यांसाठी, जवळजवळ नेहमी ‘नाही’ असेच आहे. या संस्थेत विद्यार्थी-सहायक म्हणून काम केल्यानंतरही माझे मत असे आहे की येथे जरूर यावे, पण हे दुसरे उत्तर ठाऊक असताना यावे.

विचिटा हे विमाने बांधणाऱ्यांचे शहर आहे. क्लाइड सेसना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टीअरमन यांनी १९२५ मध्ये ट्रॅव्हल एअर ही कंपनी येथेच काढली आणि दुसऱ्या महायुद्धात बोइंगच्या येथील कारखान्यातून बी-२९ बॉम्बफेकी विमाने बाहेर पडली. १९८५ मध्ये सुरू झालेली ही संस्था अशा कारखान्यांच्या शेजारी वाढली, त्यामुळे तिचा स्वभाव विद्यापीठातल्या विभागापेक्षा वेगळा आहे. विभागात प्राध्यापक, प्रबंध आणि शोधनिबंध हे चक्र असते. संस्थेत पूर्णवेळ अभियंते, तंत्रज्ञ आणि गुणवत्ता तपासणारी माणसे असतात, प्रश्न आणि पैसा दोन्ही कंपन्यांकडून किंवा सरकारी खात्यांकडून येतात आणि उत्तर ठरलेल्या तारखेला द्यावे लागते. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे संस्थेत जागा मिळाली असे होत नाही. अर्ज वेगळा करावा लागतो आणि मुलाखतही वेगळी होते.

संरक्षणाच्या कामाविषयी स्पष्टच लिहितो. २०२० मध्ये अमेरिकी हवाई दलाचे निवृत्त बी-१बी बॉम्बफेकी विमान ॲरिझोनातल्या तळावरून सुटे करून ट्रकांवरून विचिटाला आणले गेले, आणि त्याच्या सांगाड्याचे हुबेहूब संगणकीय प्रारूप बनवण्याचे काम संस्थेने हाती घेतले. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि एफ-१६ यांच्या बाबतीतही असेच काम झाले. ही छायाचित्रे पाहून अर्ज करणारे बरेच असतात. परंतु ‘आयटार’ या निर्यात-नियमावलीनुसार संरक्षण-सामग्रीची तांत्रिक माहिती परवान्यावाचून परकीय व्यक्तीला देता येत नाही, आणि विचिटातल्याच टेबलावर परकीय माणसाला रेखाचित्र दाखवणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने त्याच्या देशाला केलेली निर्यात ठरते. अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आश्रय मिळालेले निर्वासित यांना ही माहिती मिळू शकते. विद्यार्थी-व्हिसावरच्या माणसाला नाही. शेजारच्या मेजावरचा सहकारी तुमच्यासमोर आपल्या प्रकल्पाविषयी गप्प राहतो तो या कायद्यामुळे. त्याचा राग मानू नये आणि त्याला खोदून खोदून विचारूही नये; असे विचारणे अंगाशी येऊ शकते. ज्यांचे मन खरोखर संरक्षण-संशोधनातच आहे त्यांनी आधी पुण्याजवळच्या गिरिनगरची डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी पाहावी, कारण तेथे भारतीय नागरिकत्व ही अडचण नसते.

आता खुल्या बाजूविषयी. माझ्या मते संस्थेचे सर्वांत मोलाचे काम याच बाजूला आहे आणि नवख्यांचे लक्ष त्याकडे सर्वांत कमी जाते. विमानाचा भाग कार्बन फायबरचा करायचा तर त्या पदार्थाची ताकद आधी आकड्यांनी सिद्ध करावी लागते. धातूचा पत्रा कारखान्यातून बऱ्याच अंशी तयार गुणधर्मांसह येतो. कार्बन फायबर आणि त्याला बांधून ठेवणारे रेझिन यांचा पदार्थ मात्र तुम्ही तो कसा रचता, कोणत्या दाबाखाली आणि किती तापमानाला भाजता, यावर घडत जातो. पूर्वी प्रत्येक कंपनी ही सिद्धता स्वतःच्या खर्चाने, नव्याने करत असे आणि लहान कंपन्यांना तो खर्च पेलत नसे. नासाच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात सामायिक माहितीसाठ्याची कल्पना पुढे आली. तिच्यातूनच २००५ मध्ये संस्थेत ‘एनकॅम्प’ हे केंद्र उभे राहिले, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने त्याची पद्धत मान्य केली. पदार्थाचे आणि प्रक्रियेचे विनिर्देश तसेच चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध केले जातात, आणि नंतर येणाऱ्या कंपनीला ‘आमच्या कारखान्यातही हाच पदार्थ तयार होतो’ एवढेच थोड्या चाचण्यांनी दाखवावे लागते.

या मोठ्या गोष्टीत विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते ‘कूपन’, म्हणजे चाचणीसाठी कापलेली पट्टी. एका गुणधर्माचा ‘बी-बेसिस’ आकडा काढण्यासाठी, म्हणजे किमान ९० टक्के नमुन्यांची ताकद याहून कमी असणार नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणता यावे यासाठी, निदान ३ वेगवेगळ्या खेपांतली १८ कूपने तोडावी लागतात. आणि ती सामान्य तापमानाला, सुमारे उणे ५४ अंश सेल्सिअसला, तसेच ओलावा मुरवून उष्ण अवस्थेत, अशी वेगवेगळी तोडावी लागतात. ओलावा मुरवणे म्हणजे दमट, उष्ण कपाटात कूपने ठेवून वजन वाढायचे थांबेपर्यंत ठरावीक अंतराने त्यांचे वजन करत राहणे, आणि यात आठवडेच्या आठवडे जातात. त्याखेरीज प्रीप्रेगचा, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या कार्बन फायबरच्या कापडाचा, रोल शीतकपाटातून किती तास बाहेर होता, पट्टीची जाडी कोणत्या बिंदूंवर किती भरली, ती पकडीजवळ तुटली की मधोमध, या सगळ्याची नोंद लागते. हे काम कंटाळवाणे आहे हे मी नाकारणार नाही. परंतु ज्याच्या नोंदीवर बोट ठेवता येत नाही असा आकडाच ही संस्था विकते, आणि तुटलेल्या कूपनामागची खेप, ते ज्यातून कापले ते पॅनेल आणि यंत्राचे कॅलिब्रेशन सांगता आले नाही तर कूपन कितीही नीट तुटलेले असले तरी ते बाद होते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून त्यावरून मोजमापे मागे मागे रचण्याची जी सवय अनेकांना लागते, ती विमानात बसण्यापूर्वीच सोडून द्यावी.

ज्यांना संगणकीय विश्लेषणात रस आहे त्यांच्यासाठी अपघात-गतिकीची प्रयोगशाळा आहे. मोठ्या प्रवासी विमानाच्या आसनाला पुढच्या दिशेने १६ जी आणि खालच्या दिशेने १४ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ आणि १४ पट) इतके धक्के देऊन पाहतात, आणि त्यात बसवलेल्या चाचणी-पुतळ्याच्या कण्यावरचा भार १,५०० पौंडांच्या आत राहावा लागतो. हीच घटना एलएस-डायना या सॉफ्टवेअरमध्ये घडवून ती प्रत्यक्ष चाचणीशी जुळते का, हे तपासणे विद्यार्थ्यांना शिकण्यासारखे असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला ड्रोन आणि विमान यांच्या टकरीचा अभ्यासही याच जातीचा होता. तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाची अधिक हानी करतो, कारण त्यातली मोटर, बॅटरी आणि कॅमेरा हे कठीण भाग पक्ष्याच्या शरीरासारखे पसरत नाहीत, असे त्यात दिसले. प्रबंधासाठी असाच, निष्कर्ष खुलेपणाने प्रसिद्ध होणार असलेला विषय निवडावा आणि तो तसा आहे याची लेखी खात्री मार्गदर्शकांकडून सुरुवातीलाच करून घ्यावी.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच परिसरात काम करता येते, तेव्हा घरखर्चाचा हिशेब त्यावरच बांधावा आणि शिक्षणशुल्क यातून निघेल असे गृहीत धरू नये. विश्लेषणाच्या जागांसाठी अर्ज फार असतात. प्रयोगशाळेतले कापणे, मोजणे आणि तोडणे यांचे काम मिळत असेल तर ते कमी दर्जाचे समजून सोडू नये. पदवीनंतर १२ महिन्यांची आणि तांत्रिक विषयांसाठी आणखी २४ महिन्यांची कामाची मुभा असते, पण शहरातल्या संरक्षण-कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत नागरिकत्वाची किंवा ग्रीनकार्डाची अट वारंवार दिसते. म्हणून नागरी विमाने, आसने आणि अंतर्भाग बनवणाऱ्यांकडे, तसेच विद्यापीठाच्या परिसरातच असलेल्या एअरबसच्या अभियांत्रिकी केंद्रासारख्या ठिकाणी आधी लक्ष द्यावे. त्यांच्याकडे पाठवायच्या परिचयपत्रात कोणत्या प्रमाणित पद्धतीने, कोणत्या तापमान-आर्द्रतेत आणि कोणत्या प्रकारच्या चाचण्या केल्या हे नेमके लिहावे. ज्या ग्राहकासाठी त्या केल्या त्याचे नाव मात्र परवानगीवाचून कधीही लिहू नये. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो हेही तपासतो.